दशावताराच्या रात्रीसाठी कोणता कॅमेरा?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून कुडाळजवळच्या एका गावात राहतो. जत्रेतील दशावतारी नाटके, घरच्या गणपतीची आरती आणि पावसाळ्यात सड्यावर (कातळाच्या पठारावर) उमलणारी फुले टिपण्यासाठी खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा घ्यायचा आहे. कॅननचे पॉवरशॉट एसएक्स ७४० एचएस आणि पॉवरशॉट जी ७ एक्स मार्क ३ हे दोन कॅमेरे पाहिले. दोन्ही २० मेगापिक्सेलचे आहेत. पहिल्याला ४० पट झूम आहे आणि दुसऱ्याला अवघा ४.२ पट, तरीही दुसरा बराच महाग आहे. दुकानदार पहिल्याचा आग्रह धरतो. मी कोणता घ्यावा?

उत्तर : आपण सांगितलेल्या तीन विषयांपैकी दोन अपुऱ्या उजेडातले आहेत, त्यामुळे पैशांची सोय होत असेल तर दुसराच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मेगापिक्सेल सारखे असले तरी ते ज्या सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, बसवलेले असतात त्याचा आकार सारखा नाही. पहिल्याचा सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, तर दुसऱ्याचा १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने जवळजवळ चौपट आहे. तेवढेच दोन कोटी बिंदू (२० मेगापिक्सेल) चौपट जागेत पसरले की प्रत्येकाच्या वाट्याला अधिक प्रकाश येतो.

याचा अर्थ मला एका जत्रेत नीट उमगला. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याने मी दशावतारातल्या संकासुर या पात्राचे छायाचित्र काढले होते. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते छान वाटले, पण घरी संगणकावर मोठे करून पाहिले तेव्हा त्याच्या काळ्या वेषावर निळे-तांबडे दाणे पसरलेले होते आणि लांब लाल जिभेची कडा मागच्या पडद्यात विरघळली होती. ती रात्र पुन्हा येणार नव्हती, याचे वाईट आजही वाटते.

दुसरी गोष्ट लेन्सची. ॲपर्चर म्हणजे लेन्समधले प्रकाश आत येण्याचे छिद्र; एफचा आकडा जितका लहान, तितके ते मोठे. झूम न करता पहिल्याचे ॲपर्चर जास्तीत जास्त एफ ३.३ पर्यंत उघडते आणि दुसऱ्याचे एफ १.८ पर्यंत, त्यामुळे दुसऱ्यातून तिपटीहून अधिक प्रकाश आत येतो. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) तोच ठेवला तर जिथे दुसरा कॅमेरा सेकंदाच्या शंभराव्या भागात छायाचित्र घेईल, तिथे पहिल्याला तिसावा भाग लागेल, आणि तेवढ्या वेळात गिरकी घेणाऱ्या नटाचा हात फराटा होऊन उमटतो. पूर्ण झूमवर पहिल्याचे ॲपर्चर एफ ६.९ वर येते. जत्रेच्या उजेडात तो ४० पट झूम फारसा उपयोगी पडत नाही.

मात्र परसातल्या झाडावर येणारा धनेश पक्षी टिपणे हा आपला मुख्य हेतू असता, तर मी दुकानदाराचीच बाजू घेतली असती, कारण भर उन्हात कामी येणारी पहिल्याची ९६० मिलिमीटर फोकल लांबीपर्यंतची पोहोच (हा आकडा जितका मोठा, तितके दूरचे जवळ दिसते) दुसऱ्याकडे नाही. तो १०० मिलिमीटरवर थांबतो. त्यामुळे नाटक टिपताना आपल्याला रंगमंचाजवळ जागा धरावी लागेल, पण गावच्या जत्रेत ते अवघड नसावे. सड्यावरच्या ‘सीतेची आसवे’ या फुलांसाठी दुसऱ्या कॅमेऱ्याने झूम न करता फुलापासून ५ सेंटिमीटरवर जाता येते, आणि पडदा वर वळवता येत असल्याने चिखलात लोळावे लागत नाही. यापैकी कोणत्याच कॅमेऱ्याला डोळा लावून पाहण्याची खिडकी नाही, ही उणीव उन्हात जाणवेल.

दोन्ही कॅमेरे पावसापासून सुरक्षित नाहीत. कोकणातल्या दमट हवेत लेन्सला बुरशी लवकर धरते, म्हणून कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि भिजलेल्या पिशवीत कधीही राहू देऊ नये.

पैसे देण्यापूर्वी आपले मेमरी कार्ड घेऊन दुकानात जावे, फ्लॅश बंद करून काउंटरखालच्या अंधाऱ्या कोपऱ्याचे छायाचित्र दोन्ही कॅमेऱ्यांनी काढावे आणि घरी संगणकाच्या पडद्यावर ती शेजारीशेजारी ठेवून पाहावीत.