‘व्हॅम्पिर’ पहिल्यांदा बघताना

दिग्दर्शक कार्ल ड्रायरचा १९३२चा ‘व्हॅम्पिर’ हा रक्तपिशाच्चावरचा भयपट बघायला घेतोयस, तर आधी एक सांगतो: गोष्ट पकडायच्या मागे लागू नकोस. पहिल्या वीस मिनिटांत कोण कुठून आलं हे कळत नाही, आणि बरेच जण तिथेच बंद करतात. वाईट वाटतं मला.

त्यापेक्षा सावल्या बघ. माणूस बाकावर बसलेला, त्याची सावली मात्र स्वतंत्रपणे चालत येते. छायाचित्रकार रुडॉल्फ माटे याने कॅमेऱ्यासमोर तलम जाळीदार कापड धरलं होतं, म्हणून चित्र धुक्यातलं वाटतं. प्रिंट खराब आहे असं समजू नकोस. आवाज चित्रीकरणानंतर भरलेला आहे. संवाद अगदी थोडे, कारण चित्रपट जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजीत करायचा बेत होता.

नायकाचा चेहरा कोरा वाटेल. तो मुळात नट नव्हताच. निकोलस द गुन्झबर्ग हे त्याचं नाव, आणि त्यानेच चित्रपटाला पैसेही पुरवले होते. मला तो कोरेपणा इथे शोभून दिसतो, झोपेत चालणाऱ्या माणसासारखा.

शवपेटीच्या काचेतून वर आकाश आणि झाडं सरकत जातात, तिथे मोबाइलला हात लावू नकोस. रात्री, हेडफोन लावून, सलग बघ. जेमतेम सव्वा तासाचा आहे. आणि आठवड्याभराने पुन्हा एकदा.