मूलद्रव्य आणि अणू एकच का?

प्रश्न: मुलगी नववीत आहे. पुस्तकात लोखंड हे मूलद्रव्य म्हटलंय आणि पुढे लोखंडाचा अणू पण आहे, तर ती विचारते की मग दोन्ही एकच ना? शिवाय आमच्याकडे खाऱ्या हवेने गेटच्या बिजागऱ्या बघता बघता गंजून जातात, तेव्हा त्यातलं लोखंड संपतं का?
– एक पालक, गुहागर

उत्तर: आधी मुलीला शाबासकी द्या, हा प्रश्न न पडताच बरीच मुलं दहावी पास होऊन जातात. असं बघा, बांगडा ही माशाची जात झाली आणि टोपलीतला एकेक बांगडा हा नग झाला, तसं मूलद्रव्य म्हणजे जात आणि अणू म्हणजे त्या जातीचा एक नग. जात ठरते ती अणूच्या केंद्रकात, म्हणजे मधल्या गाभ्यात, प्रोटॉन नावाचे कण किती यावर. 26 असतील तर लोखंड, 22 तर टायटॅनियम, 8 तर ऑक्सिजन, एक जरी कमी-जास्त झाला की जातच बदलली. केंद्रकातच असणाऱ्या न्यूट्रॉन या दुसऱ्या कणांचं तसं नाही, कार्बनच्या अणूत ते कुठे 6, कुठे 7, कुठे 8 असतात, पण प्रोटॉन 6 च, म्हणून सगळे कार्बनच. आजवर अशा 118 जाती माहीत आहेत.

आता बिजागरी. गंज चढतो तेव्हा लोखंडाचे अणू केंद्रकाबाहेरचे इलेक्ट्रॉन नावाचे कण गमावतात, पाणी आणि ऑक्सिजनशी त्यांचं संयुग (वेगवेगळ्या जातींचे अणू जोडून झालेला पदार्थ) होतं, मिठामुळे हे सगळं आणखी झपाट्याने होतं. पण केंद्रकाला धक्काही लागत नाही, 26 प्रोटॉन जिथल्या तिथे. म्हणजे बोटाला लागते ना ती तांबूस पूड, तिच्यात लोखंड आहेच, फक्त आता ते धातू म्हणून राहिलं नाही. आपल्या जांभ्याचा लाल रंग पण लोखंड-ऑक्सिजनच्या संयुगांचाच. आणि जमलं तर मुलीला रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू नक्की दाखवा, तिच्यात इल्मेनाइट नावाचं खनिज असतं, त्यात लोखंड, टायटॅनियम, ऑक्सिजन तिन्ही. टायटॅनियमचा शोध मुळी अशाच काळ्या वाळूतून लागलाय, 1791 साली, इंग्लंडातल्या कॉर्नवॉलला, विल्यम ग्रेगर यांना.

अजून एक, इथे मुलं हमखास गोंधळतात. लोखंडाची चकाकी, कडकपणा, 1538 अंश सेल्सियसला वितळणं हे एकट्या अणूचे गुण नव्हेत, असंख्य अणू एकत्र आले की मगच ते दिसतात. आणि मूलद्रव्य म्हणजे सुटेच अणू असंही नाही बरं का, हवेतला ऑक्सिजन दोन-दोन अणूंच्या जोडीने असतो, दोन्ही एकाच जातीचे म्हणून ते मूलद्रव्य, पाण्यात मात्र हायड्रोजन पण आला म्हणून ते संयुग.