एडीएचडीची गोळी सुरू केल्यापासून मुलगा रात्री झोपत नाही. गोळी बंद करू का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा ८ वर्षांचा आहे, एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा) ३ आठवड्यांपूर्वी मेथिलफेनिडेट ही गोळी सुरू झाली, वर्गात तो आता बसतो, लिहितो. पण पूर्वी १० वाजता झोपणारा मुलगा साडेअकरापर्यंत टक्क जागा असतो आणि सकाळी साडेसहाला उठवावं लागतं. म्हणजे जेमतेम ७ तास. या वयाला ९ ते १२ तास झोप लागते, त्यामुळे तुमची काळजी अगदी रास्त आहे.

मी डॉक्टर नाही. माझ्या मुलीला सातव्या वर्षी हेच निदान झालं, आता ती १३ वर्षांची आहे. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता कळवा. आणि कळवताना नुसतं ‘झोपत नाही’ म्हणू नका. मी तेवढंच म्हटलं होतं. डोस कमी झाला, वर्गातलं लक्ष पुन्हा उडालं आणि रात्रीचं जागरण होतं तिथेच राहिलं.

कारण ही गोळी दोन अगदी उलट कारणांनी झोप उडवू शकते. पहिलं सोपं आहे: औषधाचा असर झोपायच्या वेळेपर्यंत टिकतो. साधी गोळी साधारण ४ तास चालते, लांब पल्ल्याची ८ ते १२ तास. सुट्टीच्या दिवशी उशिरा उठून १० वाजता घेतलेली १२ तासांची गोळी रात्री १० पर्यंत काम करत राहणार. दुसरं कारण माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं. असर उतरताना काही मुलं तासभर फार बिथरतात. चिडचिड, रडणं, घरभर पळणं, आधीपेक्षाही जास्त. ही वेळ नेमकी अंथरुणाच्या वेळेला आली की आपल्याला वाटतं गोळीनेच हे केलं, पण तेव्हा गोळी शरीरातून जात असते. पहिल्या प्रकारात डॉक्टर वेळ अलीकडे घेतात किंवा कमी काळ चालणारी गोळी देतात. दुसऱ्या प्रकारात कधी कधी दुपारनंतर एक छोटा डोस वाढवतात, आणि काही मुलं त्यानेच शांत झोपतात. तक्रार एकच, उपाय उलटे. म्हणून कोणत्या वेळी काय होतं हे कळल्याशिवाय डॉक्टरही अंदाजच बांधणार.

आमच्याकडे दुसरा प्रकार होता, शिवाय भूकही. ही गोळी दुपारची भूक मारते. मुलगी डबा तसाच परत आणायची आणि रात्री ९ नंतर ‘भूक लागली’ म्हणायची. मला वाटायचं झोप टाळायचं निमित्त शोधतेय, म्हणून मी तिला रागवायचे. ती खरंच उपाशी असायची. हे आठवलं की आजही पोटात कालवतं. सकाळी गोळीच्या आधी पोटभर आणि संध्याकाळी असर उतरल्यावर पुन्हा एकदा खायला देऊ लागलो, तेव्हा निम्मं भांडण संपलं.

आणखी एक विचारते: गोळीच्या आधी तो १० ला झोपायचा, पण अंथरुणावर किती वाजता जायचा? एडीएचडीच्या पुष्कळ मुलांची झोप औषधाआधीपासूनच बिघडलेली असते. अनेकांच्या शरीरात झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरकच उशिरा तयार व्हायला लागतं, त्यामुळे दिवे मालवले तरी डोळा लागत नाही. तो घोरतो का, तोंडाने श्वास घेतो का, हेही बघा. टॉन्सिल किंवा अॅडेनॉइड (नाकामागची गाठ) वाढल्याने झोप तुटत असेल तर दिवसा लक्ष न लागणं आणि चळवळेपणा त्यानेही वाढतो. झोपताना पाय सतत हलत असतील तर डॉक्टरांना फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासायचं का ते विचारा, लोह कमी असल्यानेही असं होतं.

मेलाटोनिनची गोळीही मिळते, पण ती कुणाच्या सांगण्यावरून आणू नका, डोस आणि वेळ डॉक्टरांनाच ठरवू द्या. झोपेसाठी डॉक्टरांनी क्लोनिडिन हे औषध दिलं तर ते एकदम थांबवायचं नसतं, रक्तदाब अचानक चढू शकतो.

झोपेच्या सवयींबद्दल ‘आमच्या मुलावर नाही चालत’ असं मीही म्हणायचे. पण २०१५ साली ऑस्ट्रेलियात एडीएचडीच्या २४४ मुलांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पालकांना फक्त दोन भेटी आणि एका फोनवर झोपेचं नियोजन शिकवलं होतं. बहुतेक मुलं औषधावरच होती. तरी ६ महिन्यांनीही झोप सुधारलेली होती आणि एडीएचडीची लक्षणंही काहीशी कमी झाली होती. रोज उठायची वेळ एकच ठेवणं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, आमच्या घरी सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. झोपण्याआधी तासभर स्क्रीन बंद, हे त्याखालोखाल.

आजपासून एक वही करा. गोळी किती वाजता, चिडचिड कधी सुरू झाली, किती आणि केव्हा खाल्लं, दिवा कधी मालवला, डोळा कधी लागला, रात्री उठला का. शाळेचे आणि सुट्टीचे दिवस वेगळ्या पानांवर. डॉक्टरांना आज कळवाच, आणि दोन आठवड्यांची पानं भरली की ती घेऊन त्यांच्यासमोर बसा. मधल्या काळात छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, नसलेल्या गोष्टी दिसणं किंवा मुलगा एकाएकी फार उदास होणं, यातलं काहीही झालं तर वही राहू द्या, त्याच क्षणी डॉक्टरांना गाठा.