वाचकांचे प्रश्न : मानेतल्या फाट्यावरच थर का?

प्रश्न : माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत. त्यांच्या मानेच्या धमन्यांची पणजीत डॉपलर तपासणी केली. धमनी जिथे दोन फाट्यांत विभागते तिथे चरबीचा थर आहे, अलीकडे-पलीकडे ती स्वच्छ आहे, असा रिपोर्ट आला. रक्त तर सगळीकडे तेच फिरतं, मग थर तिथेच का? आमच्या नदीत वळणावर गाळ बसतो, तसंच का हे? डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. पायांनी चालून मानेतल्या थराचं काय होणार?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : तीस वर्षं मी शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. धमन्यांचा धडा आला की वर्गातून कुणीतरी हाच प्रश्न विचारायचं, आणि तो विचारला गेला की मला बरं वाटायचं.

गाळाचं उदाहरण मलाही जवळचं आहे. सावईवेऱ्याला आजोबांचं कुळागर होतं. पोफळींना पाणी सोडायच्या आधी पाटात साचलेली पानं नि माती फावड्याने ओढून काढणं हे सुट्टीत आम्हा मुलांचं काम. सरळ पाटात पाणी खळाळत जायचं, पण पाट फुटतो त्या कोपऱ्यात ते जागच्या जागी गिरक्या घ्यायचं. मानेतल्या फाट्यावरही असंच होतं. तिथे बाहेरच्या भिंतीलगत रक्त मंदावतं आणि दर ठोक्याला क्षणभर उलटंही वळतं. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. पण पाटाचा काठ मातीचा, त्याला पाणी कळत नाही. धमनीच्या काठाला रक्ताची चाल कळते.

धमनीला आतून पेशींचं एकपदरी अस्तर असतं, एंडोथेलियम. वाहतं रक्त त्याला घासून जातं. या घसटीचा जोर सरळ धमनीत दर चौरस सेंटिमीटरला साधारण १५ डाइन, म्हणजे नखाएवढ्या जागेवर १५ मिलिग्रॅमचं वजन. रक्तदाबाचा १२० चा आकडा त्याच मापात मांडला तर तो १ लाख ६० हजार डाइन भरतो. एवढ्या रेट्यात ती बारीकशी घसट पेशीला वेगळी ओळखू येते, याचं मला अजून नवल वाटतं.

ओळखण्याचं एक साधन म्हणजे पेशीच्या पटलातलं पिएझो-१ हे प्रथिन. ताण आला की त्याचं दार उघडतं आणि कॅल्शियम आत शिरतं. आर्डेम पटापूटियन यांच्या प्रयोगशाळेने ते २०१० मध्ये शोधलं, आणि या कामासाठी २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. शेजारच्या पेशींना एकमेकींशी जोडणारी प्रथिनंही ही ओढ टिपतात. निरोप केंद्रकापर्यंत पोचतो आणि तिथे काही जनुकं जागी होतात, काही निजतात.

रक्त एका दिशेने, जोमाने वाहत असलं की केएलएफ-२ हे जनुक जागं राहतं. त्यापासून बनणारं प्रथिन मुकादमासारखं आहे. नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या जनुकाला ते कामाला लावतं, दाह वाढवणाऱ्यांना आवरतं. नायट्रिक ऑक्साइडमुळे धमनी सैल राहते आणि बिंबिका (रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट) भिंतीला चिकटत नाहीत. पेशीही प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन ओळीने बसतात. फाट्याच्या कोपऱ्यात मुकादम फारसा फिरकत नाही. तिथल्या पेशी वेड्यावाकड्या बसलेल्या असतात आणि अंगावर व्हीकॅम-१ सारखे चिकट रेणू उभे करतात. ते रक्तातल्या पांढऱ्या पेशींना धरतात, त्या भिंतीत शिरतात. कोलेस्टेरॉलही तिथे भिंतीत अडकून राहतं आणि थर वाढू लागतो. दोन्ही ठिकाणच्या पेशींत जनुकं तीच. तुमच्या बाबांच्या धमनीतला थर वरून साचलेला नाही, भिंतीने तो आत घेतलेला आहे.

पूर्वी याच्या उलटही मानलं जायचं. जोराच्या प्रवाहाने भिंत झिजते आणि तिथे थर धरतो, हे ऐकायला पटणारंच होतं. १९६९ मध्ये लंडनच्या कॅरो आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की थराची सुरुवात घसट कमी असते तिथे होते. केएलएफ-२ चं प्रवाहाशी असलेलं नातं मात्र २००२ पर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आता चालण्याबद्दल. बाबा भराभर चालतात तेव्हा हृदय मिनिटाला जास्त रक्त ढकलतं, धमन्यांतली घसट वाढते आणि नायट्रिक ऑक्साइडही वाढतं. त्याने फाट्याचा आकार बदलणार नाही, आणि असलेला थर चालून विरघळेल असं मी म्हणणार नाही. पण बाकीचं अस्तर धडधाकट राहतं, रक्तदाब नि साखर आटोक्यात राहायला मदत होते. त्या कोपऱ्यातल्या पेशींना तंबाखू, साखर आणि वाढलेला दाब फार लवकर बिथरवतात. बाबा तंबाखू खात किंवा ओढत असतील तर ती आजच सुटायला हवी. डॉक्टरांनी स्टॅटिनची गोळी दिली असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका. ती कोलेस्टेरॉल उतरवते, शिवाय प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत तिने केएलएफ-२ वाढतं असंही दिसलं आहे. पावसात बाहेर जमलं नाही तर व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या तरी चालतील.

आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा : अचानक तोंड वाकडं झालं, एका हातातलं बळ गेलं, बोलणं अडखळलं किंवा एका डोळ्यापुढे अंधार आला, तर दहा मिनिटांत बरं वाटलं तरी थांबू नका, लगेच १०८ ला फोन करा.