कुपोषित बाळाच्या यकृताला अळंबीची पावडर द्यावी का?

ताई, तुम्ही लिहिलंय की भाचा दोन वर्षांचा आहे, वजन फार कमी, पोट पुढे आलंय आणि डॉक्टरांनी यकृत वाढल्याचं सांगितलंय. शेजारच्यांनी धिंगरी अळंबीची पावडर दुधातून द्यायला सुचवलं, त्यानं ‘लिव्हर साफ होतं’ म्हणून. माझं मत: सध्या देऊ नका.

यकृत चरबी रक्तात सोडतं ती प्रथिनाच्या वेष्टनात बांधून. प्रथिनांअभावी वेष्टनच बनेना, तर चरबीचा माल गोदामात, म्हणजे यकृतातच, पडून राहतो आणि यकृत वाढतं. सिसिली विल्यम्स या डॉक्टरीणबाईंनी १९३३ साली गोल्ड कोस्टमधल्या, म्हणजे आजच्या घानातल्या, मक्यावरच वाढलेल्या मुलांचा आजार नोंदवला. तोच पुढे क्वाशिओरकोर, म्हणजे अंगावर सूज आणणारं तीव्र कुपोषण, म्हणून ओळखला गेला. हल्ली सगळं खापर प्रथिनांवर फोडत नाहीत. चरबी जाळणारी पेशींमधली यंत्रणाही मंदावलेली असते. म्हणजे यकृतात साफ करण्यासारखा मळ काही नसतो. पोषण नीट सुरू झालं की साठलेली चरबी आपसूक उतरते.

आता गंमत बघा. प्रथिनांची कमतरता हे यामागचं एक कारण असलं, तरी तीव्र कुपोषणाच्या उपचाराची सुरुवात कमी प्रथिनांवरच होते. एफ-७५ या उपचाराच्या खास दुधात १०० मिलीला ७५ कॅलरी असतात आणि प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम. थकलेल्या यकृताला एकदम जास्त प्रथिनं झेपत नाहीत. मूल सावरलं, भूक परतली, की मग एफ-१०० हे जास्त ताकदीचं दूध. हा क्रम पोषण पुनर्वसन केंद्रात सांभाळतात. घरच्या चमच्यानं तो मोडू नये.

अळंबी वाईट नाही, मी स्वतः आवडीनं खातो. पण ताज्या धिंगरीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी. दहा ग्रॅम सुक्या पावडरीत प्रथिनं दोन-अडीच ग्रॅम. तेवढीच दहा ग्रॅम शेंगदाण्याच्या कुटातही मिळतात, वर या मुलांना हवी असलेली चरबी आणि कॅलरी, तीही स्वस्तात. यकृतावरचे अळंबीचे जे गुण ऐकू येतात, ते बरेचसे उंदरांवरच्या प्रयोगांतून आलेत. त्यावरून आजारी बाळाचा डोस ठरत नाही. मूल बरं होऊन घरचं जेवायला लागल्यावर वरण-भातात मऊ शिजवलेली, बारीक चिरलेली थोडी धिंगरी चालेल. अंडं, डाळ, तेल यांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नव्हे. पहिल्यांदा अगदी थोडी द्या आणि पुरळ उठतंय का बघा.

आणि रानातली अळंबी मुलाला नकोच, आजी कितीही खात्रीनं सांगोत. अमानिटा या विषारी रानटी अळंबीचं विष शिजवून जात नाही. उलट्या-जुलाब सहा-बारा तासांनी सुरू होतात, मग माणूस बरा वाटतो आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागतं. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन तेरा जण दगावले, त्यांत चहामळ्यांतले बरेच. आधीच दुबळं यकृत असलेल्या बाळाच्या बाबतीत हा जुगार कशाला?

आज एवढं करा: बाळाच्या दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून सोडा. दोन्हीकडे खळगा तसाच राहिला, म्हणजे सूज असली, किंवा अंगणवाडीताईंच्या पट्टीवर दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला, तर सोमवारची वाट न बघता सरकारी दवाखान्यात न्या. मूल मलूल असेल, अंग गार पडत असेल किंवा दूधही घेत नसेल, तर पट्टी शोधत बसू नका, थेट १०८ ला फोन लावा.