लघवीची पिशवी मोठी करायची की थांबायचं?

प्रश्न: डॉक्टर, माझी मुलगी 9 वर्षांची. जन्मतः पाठीवर गाठ होती, स्पायना बायफिडा, त्याचं ऑपरेशन तेव्हाच झालं. लघवीसाठी दिवसातून चारदा नळी घालतो, गोळ्या चालू आहेत तरी मधेच ओली होते. आता सर्जन म्हणतात पिशवी कडक झालीय, किडनीला सूज यायला लागलीय, आतड्याचा तुकडा लावून पिशवी मोठी करू. पण माझ्या दिरांनी वाचलं की अमेरिकेत मुलाच्याच पेशींपासून लॅबमध्ये पिशवी बनवतात. मग दोन-तीन वर्षं थांबू का?
– एक आई, सांगली जिल्हा

उत्तर: ताई, त्यासाठी थांबू नका. बातमी खोटी नाहीये पण अर्धीच आहे. बोस्टनला डॉ. अँथनी अटाला यांनी तुमच्या मुलीसारखाच त्रास असलेल्या 7 मुलामुलींच्या पिशवीतल्या पेशी काढून लॅबमध्ये वाढवल्या, साच्यावर लावून परत बसवल्या, 2006 मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि जगभर गाजलं. पुढचं मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. अशाच पद्धतीची 10 मुलांवर चाचणी झाली, 2014 मध्ये निकाल आला, तर पिशवी ना नीट ताणली जात होती ना मोठी झाली होती, वर गंभीर त्रास झाले ते वेगळेच. संशोधन चालू आहे आणि चालूच राहायला हवं, पण तुमच्या मुलीची किडनी तोवर थांबणार नाही. पिशवीतलं प्रेशर 40 सेंटीमीटर पाण्याच्या वर राहिलं की लघवी उलटी वर दाबली जाते आणि किडनीचं गेलेलं काम परत येत नाही.

पण म्हणून लगेच ऑपरेशनच, असंही नाही. आधी सर्जनना विचारा की युरोडायनामिक टेस्ट (पिशवीतलं प्रेशर मोजायची तपासणी) अलीकडे झालीय का, गोळीचा डोस वजनाप्रमाणे वाढवलाय का, रात्रभर नळी ठेवून बघितलं का, आणि बोटॉक्स देऊन पाहिलं का. हे इंजेक्शन भूल देऊन दुर्बिणीतून पिशवीच्या स्नायूत देतात, काही महिन्यांनी परत द्यावं लागतं, अमेरिकेत 2021 पासून 5 वर्षांवरच्या मुलांसाठी त्याला मान्यता आहे. पिशवीची भिंतच घट्ट झाली असेल तर मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही. एक बाजूची किडनी निकामी आणि तिच्यातून पिशवीत लघवी आणणारी नळी फुगलेली असेल तर आतड्याऐवजी ती नळी वापरता येते, अस्तर लघवीच्या मार्गाचंच असल्यामुळे चिकट स्राव होत नाही, हेही विचारा.

आतडंच लावायचं ठरलं तर साधारण 20-30 सेंटीमीटर तुकडा घेतात. आतडं चिकट स्राव सोडायचं थांबवत नाही, त्यामुळे पिशवी नियमित धुवावी लागते, नाहीतर खडे होतात. रक्तात आम्ल वाढू शकतं, बी12 कमी होऊ शकतं, तपासण्या आयुष्यभर. आणि लघवीसाठी नळी घालणं सुटत नाही, हे आधीच मनाशी पक्कं करा. त्याच ऑपरेशनमध्ये अपेंडिक्स वापरून बेंबीत वाट काढता येते, मिट्रोफॅनॉफ म्हणतात, 1980 पासूनची पद्धत आहे. मुलगी शाळेत स्वतःची स्वतः, कपडे न उतरवता नळी घालू शकते, या वयात हे फार मोठं आहे हो, नक्की विचारा.

ऑपरेशननंतर कधीही पोट दुखलं, फुगलं, उलटी किंवा ताप आला तर घरी वाट बघू नका, लावलेली पिशवी फुटू शकते आणि या मुलांना दुखणं नीट कळतही नाही. कुठल्याही इमर्जन्सीत गेल्यावर पहिलं वाक्य हेच, हिची पिशवी आतड्याने वाढवलेली आहे, आणि लॅटेक्सचे (रबराचे) ग्लोव्हज वापरू नका, कारण या मुलांना त्याची ॲलर्जी असू शकते.