मूठ आपली, पातं परकं?

मूठ मराठा धाटणीची आणि पातं सरळ, लांब, मधे खोबण असलेलं, तर बहुधा तुमच्याकडे ‘फिरंग’, म्हणजे युरोपीय पात्याची तलवार, आहे. पहिलीच तलवार अशी मिळाली म्हणजे नशीबवान आहात, पण घाई करू नका.

सर्वात आधी मूठ आणि पातं वेगवेगळं बघायला शिका. सतराव्या शतकात युरोपातून नुसती पाती यायची आणि त्यांवर इथे मुठी चढायच्या. मूठ बदलणंही सर्रास चाले. त्यामुळे मुठीवरून पात्याचं गाव आणि वय ठरवणं ही नवख्यांची हमखास चूक.

दुसरी चूक पात्यावरच्या शिक्क्यावर विसंबण्याची. धावता लांडगा ही पासाऊ आणि झोलिंगेन या जर्मन शहरांतल्या कारागिरांची खूण. अर्धचंद्राकार दातेरी रेघा मूळच्या इटलीतल्या जिनोआच्या मानतात. पण या खुणांची नक्कल युरोपात झाली तशी आपल्याकडेही झाली. ‘आंद्रेआ फेरारा’ या इटालियन तलवार-कारागिराचं नाव तर इतक्या पात्यांवर आहे की त्याची सही समजूच नका! शिक्का म्हणजे दुकानावरची पाटी. आतला माल वेगळा असू शकतो.

सध्या एवढंच करा:
- लांबी, मुठीजवळची रुंदी आणि जाडी मोजा.
- खोबणी किती आणि कुठवर जातात ते लिहा.
- तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा.

पॉलिश पेपर, लिंबू, ॲसिड लांब ठेवा. हलकं तेल पुरे. मूठ उपसू नका. पातं आत लाखेने बसवलेलं असतं. पोलादाच्या जौहराचं, म्हणजे पात्यावर दिसणाऱ्या लहरींसारख्या नक्षीचं, नंतर बोलू. तोवर पुण्यात केळकर संग्रहालयातली शस्त्रं निवांत बघून या.